जुनं घर विकायच्या आधी नवं घर : ब्रिज लोनचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडाफार नीटनेटका करून दिला आहे.)



गणपतीत मला इथे उभं करून आरत्या म्हणायला लावतात, ते मला जमतं. भाषणाची सवय नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात, आणि तिथे बोलण्यापेक्षा समोरच्याचं ऐकून घेण्याचा पगार मिळत असे. तरीही समितीने विषय विचारला तेव्हा मी लगेच ‘ब्रिज लोन’ म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, काका, जरा आनंदाचा विषय घ्या, रौप्यमहोत्सव आहे. पण त्याला कारण आहे.

गेल्या वर्षभरात आपल्या सोसायटीतली चार कुटुंबं माझ्याकडे कागद घेऊन आली. प्रश्न चौघांचाही एकच. मुलं मोठी झाली, दोन खोल्या पुरत नाहीत, समोरच्या रस्त्याला नवे टॉवर झाले आहेत, तिथे तीन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडला आहे. पैसे आहेत, पण ते या घरात अडकलेले. हे घर विकून मग ते घ्यावं, तर तोवर तो फ्लॅट जातो. मग एजंट सांगतो, साहेब, ब्रिज लोन काढा. आधी नवं घ्या, मग सावकाश जुनं विका.

त्यातला ‘सावकाश’ हा शब्द मला खटकतो. आज मी मुख्यतः त्या एका शब्दाबद्दल बोलणार आहे.

ब्रिज लोन म्हणजे काय ते आधी दोन वाक्यांत सांगतो. जुनं घर विकून येणारी रक्कम हातात पडेपर्यंतच्या मधल्या काळासाठी घेतलेलं कर्ज. मुदत थोडी, वर्षाची, फार तर दोन वर्षांची. बहुतेक ठिकाणी दर महिन्याला फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी एकरकमी फेडायचं. नाव पुलाचं आहे म्हणून मी तुम्हाला एवढंच विचारीन, की पुलाचं दुसरं टोक तुम्ही स्वतः पाहिलं आहे की एजंटाने सांगितलं आहे?

आता माझीच गोष्ट सांगतो. सौ. पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांची परवानगी काल रात्री घेतली आहे.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहत होतो. मी, सौ., दोन मुलं आणि माझी आई. ठाण्यात ही बिल्डिंग उभी राहत होती. आज जिथे आपलं पार्किंग आहे तिथे तेव्हा सिमेंटच्या गोण्या होत्या. हा फ्लॅट स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून १२ लाख २० हजारांना पडत होता. माझं गणित असं : बँकेचं स्टाफ हाऊसिंग लोन ६ लाख, माझी शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले मिळून २ लाख, आणि डोंबिवलीचा फ्लॅट विकून ४ लाख २० हजार. कागदावर बेरीज अगदी बरोबर. कर्ज विभागातला माणूस, बेरीज चुकेल कशी?

फक्त डोंबिवलीचा फ्लॅट अजून विकलेला नव्हता, आणि बिल्डर थांबायला तयार नव्हता. तेव्हा माझ्यासारख्याला ब्रिज लोन नावाने कोणी काही देत नव्हतं, म्हणून मी माझा पूल स्वतःच बांधला. पतपेढीकडून १५ टक्क्यांनी २ लाख. सौ.च्या दागिन्यांवर ८० हजार. आणि माझ्या मेव्हण्यांनी बिनव्याजी दिलेले १ लाख ४० हजार. मेव्हणे एवढंच म्हणाले, “भाऊजी, घाई नाही, पण जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आहे.” मी म्हटलं, तीन महिन्यांचा प्रश्न आहे, एप्रिलमध्ये तुमचे पैसे तुमच्या हातात.

लागले अकरा महिने.

गिऱ्हाईक येत होते. पण रिकामं घर बघायला येणारा माणूस वेगळ्या नजरेनं बघतो. भिंतीवर फोटोंचे चौकोन उरलेले, गॅस नाही, पंखे काढून नेलेले. त्याला कळतं की हे लोक निघून गेले आहेत, म्हणजे यांना विकायचंच आहे. त्यातून मी एजंटाला मोकळेपणाने सांगून बसलो होतो की एप्रिलपर्यंत पैसे द्यायचे आहेत. ही माझी सगळ्यात मोठी चूक. आपली गरज एजंटाला सांगितली म्हणजे ती समोरच्या पार्टीला सांगितल्यासारखीच. पहिली ऑफर ४ लाख ५ हजारांची आली, ती मी पंधरा हजारांसाठी सोडली. पुढची ३ लाख ८० ची. मग पावसाळा लागला, छताला ओल आली, तीन महिने कोणी फिरकलंच नाही. शेवटी ३ लाख ५५ हजारांना सोडला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला वाटतं, अक्कल असते, पण ती तारखेपुढे चालत नाही.

हिशेब सांगतो, कारण मी तो वहीत लिहून ठेवला आहे. किंमत कमी आली ६५ हजारांनी. पतपेढीचं व्याज साडेसत्तावीस हजार. दागिन्यांवरचं दहा हजार. दोन ठिकाणचा मेंटेनन्स आणि लाइट बिल मिळून आणखी सहा. एकूण १ लाख साडेआठ हजार. तेव्हा माझ्या हातात महिन्याला अठरा हजार पगार पडत होता, म्हणजे सहा महिने फुकट काम केल्यासारखं झालं.

पण पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. जून आला. मेव्हण्यांनी फोन केला नाही. एकदाही केला नाही. तोच मला सहन होईना. सौ.नी एका संध्याकाळी दागिने सोडवायला सांगितले. त्यासाठी मी ऑफिसातून उसने घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या माहेरच्या पाटल्या आणि मोहनमाळ सोनाराकडे मोडली, बँकेचे आणि उसने फेडले, आणि उरलेले पैसे, त्यात घरातले थोडे घालून, भावाच्या घरी स्वतः नेऊन दिले. पूर्ण नाही, पण फी भरता येईल एवढे. मला त्या एवढंच म्हणाल्या, “ती मुलगी माझ्या मांडीवर वाढली आहे.” पुढे मी पाटल्या केल्या. पण त्या दुकानातल्या पाटल्या आहेत.

(इथे सौ.नी मला हाताने “पुरे” अशी खूण केली, हे स्मरणिकेसाठी नोंदवून ठेवतो.)

हे ऐकून तुम्ही म्हणाल की काका, म्हणजे ब्रिज लोन घेऊच नये का? तसं नाही. हे घर आम्हाला मिळालं ते त्या पुलावरूनच. आईची शेवटची नऊ वर्षं या घरात, त्या गॅलरीत, सुखात गेली. मी सौदा चुकीचा केला असं मी आजही म्हणणार नाही. हिशेब चुकीचा केला. मी किंमत मोजली, दिवस मोजले नाहीत.

आता आजचे आकडे घेऊ. बी विंगमधल्या एका सभासदांच्या परवानगीने, त्यांचे आकडे थोडे बदलून सांगतो. आपला फ्लॅट आज १ कोटी १० लाखांना जाईल असं धरू. नवा फ्लॅट १ कोटी ७० लाखांचा. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ११ लाख ९० हजार. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी होतो. नोंदणी फी ३० हजार. झाले १ कोटी ८२ लाख २० हजार. त्यांची शिल्लक २० लाख, झेपेल असं गृहकर्ज ६० लाख. राहिले १ कोटी २ लाख. ते जुन्या घरातून यायचे.

इथे पहिला धक्का बसतो. बँक जुन्या घराच्या पूर्ण किमतीएवढं ब्रिज लोन देत नाही. आपल्या मूल्यांकनकाराची किंमत धरते आणि त्यातले काही टक्केच देते. समजा ७० टक्के दिले, तर ७७ लाख झाले. म्हणजे अजून २५ लाखांचं भगदाड आहे. पुलाची मधली एक कमानच नाही. बहुतेक लोक हे भगदाड पर्सनल लोनने, एफडी मोडून, दागिन्यांनी किंवा मेव्हण्यांनी भरतात. मेव्हण्यांचं मी सांगितलंच.

दुसरी गोष्ट महिन्याची. ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे ५२ हजार. ब्रिज लोन ७७ लाखांचं, दर समजा ११ टक्के, तर नुसतं व्याज महिन्याला साडेसत्तर हजार. दोन्ही मिळून १ लाख २२ हजारांच्या वर, शिवाय दोन घरांचा मेंटेनन्स. पगार हातात १ लाख ६० हजार येत असेल तर पहिले चार महिने माणूस तग धरतो. सातव्या महिन्यात क्रेडिट कार्ड वापरायला लागतो. आणि त्या सातव्या महिन्यातच गिऱ्हाईक समोर बसून म्हणतो, “साहेब, ९८ लाखाला फायनल करा, उद्या टोकन देतो.” तुम्ही देता. मी दिलं होतं तसंच.

९८ लाखांतून ब्रिज लोनचे ७७ वजा केले की २१ उरतात. भगदाड होतं २५ चं. ते भरत नाही, वर भरलेलं व्याज वेगळं.

तिसरी गोष्ट, आणि ही मला आलेल्या चौघांपैकी एकालाही माहीत नव्हती. आयकर. घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर दुसरं राहतं घर घेतलं तर वाचतो, ही १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५४ ची सवलत सगळ्यांना ठाऊक असते. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, मुदती त्याच आहेत.) आधी विकलं आणि मग घेतलं तर घ्यायला दोन वर्षं मिळतात. बांधून घ्यायचं असेल तर तीन. मधल्या काळात पैसे कॅपिटल गेन्स खात्यात ठेवता येतात. पण उलटं केलं, म्हणजे आधी घेतलं आणि मग विकलं, तर नवं घर घेतल्यापासून एका वर्षाच्या आत जुनं विकलं जायला हवं. एकच वर्ष. बँक तुम्हाला दोन वर्षांची मुदत देते आणि तुम्ही निवांत होता. आयकर खात्याचं घड्याळ मात्र बारा महिन्यांनी थांबतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा फ्लॅट १२ लाखांच्या आसपास घेतला. १ कोटी १० लाखांना विकला तर नफा ९८ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर सव्वाबारा लाख, अधिभार आणि सेस वेगळे. तेरावा महिना लागला म्हणून एवढी रक्कम जाऊ शकते. तुमच्या सीएला आकडे दाखवा, प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. पण तारीख सगळ्यांना तीच.

लॉकडाऊनच्या वेळचं एक उदाहरण मला माहीत आहे, ओळखीच्या कुटुंबातलं. २०१९ च्या शेवटी त्यांनी याच पद्धतीने नवं घर घेतलं. फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या घराला गिऱ्हाईक ठरलं, मार्चअखेर रजिस्ट्रेशन. २५ मार्चला सगळं बंद. दुय्यम निबंधकाचं कार्यालय बंद, गिऱ्हाइकाची नोकरी गेली, सौदा मोडला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, ती त्यांनी घेतली, पण व्याज चालूच राहिलं आणि मुद्दलात मिसळलं. त्यांचं नशीब एवढंच की सप्टेंबरपासून सरकारने महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्क्यांवर आणलं, लोक घरं घ्यायला धावले, आणि त्यांचं घर वर्ष संपायच्या आत गेलं. ते मला पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, “आपलं प्लॅनिंग बरोबर होतं.” मी पेढा खाल्ला.

हा दोष सामान्य माणसाचाच आहे असंही समजू नका. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएससारखी मोठी कंपनी पैसे फेडू शकली नाही, पुढच्या वर्षी डीएचएफएल अडकली. दोन्हींच्या प्रकरणांत पुष्कळ भानगडी होत्या, पण मुळातलं एक दुखणं तेच : थोड्या मुदतीचे पैसे उचलायचे आणि वर्षानुवर्षं अडकून राहणाऱ्या कामांत घालायचे. त्या झटक्यानंतर बिल्डरांना मिळणारा पैसा आटला, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारला रखडलेल्या घरांसाठी २५ हजार कोटींचा निधी जाहीर करावा लागला. मोठ्या पदव्यांच्या माणसांनाही दिवस मोजता आले नाहीत, तेव्हा मला माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं थोडं समाधान वाटलं.

आता तरुण मंडळींसाठी. माझ्या पुतण्याने एक योजना आणली होती. अमेरिकेतले व्हिडिओ बघून. जुना, पडीक फ्लॅट स्वस्तात घ्यायचा, थोड्या मुदतीचं कर्ज काढायचं, रंगरंगोटी, किचन नवं करायचं, आणि आठ महिन्यांत विकून मोकळं व्हायचं. मी म्हटलं, बस, लिहू या.

फ्लॅट ८० लाख. मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. एजंट एक टक्का, ८० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. दुरुस्ती ४ लाख, आणि प्लंबर आपल्या वेळेवर येतो असं धरून. कर्ज ६० लाख १२ टक्क्यांनी आठ महिने, ४ लाख ८० हजार. प्रोसेसिंग फी ६० हजार. मेंटेनन्स ३२ हजार. ८० लाखांचा फ्लॅट झाला ९६ लाख ६७ हजारांचा. विकताना पुन्हा एजंट. म्हणजे साधारण पावणेअठ्ठ्याण्णव लाखांना विकला तर पदरात शून्य. आठ महिन्यांत किंमत २२ टक्के वाढली तर बरोबरी! आणि त्यावर नफा झालाच, तर तो चोवीस महिन्यांच्या आतला, म्हणून पगारात मिळवून नेहमीच्या दराने कर. तिकडच्या बहुतेक राज्यांत दस्तावरचा कर आपल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, म्हणून ते गणित तिकडे कदाचित जमत असेल. इथे पहिल्याच दिवशी सात टक्के सरकारजमा होतात.

पुतण्या म्हणाला, काका, मी हे सगळं धरलं होतं. मी म्हटलं, दाखव. त्याने मोबाइल काढला. त्यात किंमत, दुरुस्ती आणि नफा एवढ्या तीनच ओळी होत्या.

शिवाय एक लक्षात घ्या. बँकेचं ब्रिज लोन हे राहतं घर बदलणाऱ्यासाठी असतं. गुंतवणूक म्हणून उलाढाल करणाऱ्याला ते सहसा मिळत नाही. मग तो जास्त दराच्या फायनान्स कंपनीकडे जातो, आणि तिथेही नाही जमलं तर ‘ओळखीच्या पार्टी’कडे. पार्टी म्हणते शेकडा दोन. ऐकायला दोन, पण ते महिन्याला, वर्षाला २४. आणि काही पार्ट्या गहाणखत करत नाहीत, सरळ साठेखत किंवा खरेदीखत लिहून घेतात, “पैसे दिले की रद्द करू” म्हणून. असं खरेदीखत कधीही करू नका. परवाना नसताना सावकारी करणं हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि सावकारीत अशी गेलेली मिळकत परत मागायला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्जही करता येतो. पण अर्ज करायची पाळी का आणायची?

तर मग घर बदलायचं कसं? मला विचाराल तर पहिला मार्ग सगळ्यात कंटाळवाणा आहे. आधी विका, आठ-दहा महिने भाड्याने राहा, मग घ्या. भाडं ३५ हजार धरलं तर आठ महिन्यांचे २ लाख ८० हजार, दोनदा सामान हलवण्याचा खर्च आणि वैताग वेगळा. ब्रिज लोनचं आठ महिन्यांचं व्याज मघाच्या उदाहरणात साडेपाच लाखांच्या वर जातं. वर तुम्ही रोकड हातात असलेलं गिऱ्हाईक होता आणि नव्या घराचा भाव पाडून मागू शकता. तरीही लोक हा मार्ग घेत नाहीत. कारण घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, स्वतःचं घर विकून भाड्याच्या घरात? लोक काय म्हणतील? माझी आईही हेच म्हणाली होती. मी तिला दोष देत नाही. पण लोक काय म्हणतील याची किंमत मी वहीत लिहून ठेवली आहे, मघाशी सांगितली.

दुसरा मार्ग, जुन्या घराचं साठेखत आधी करायचं आणि ताबा चार-पाच महिन्यांनी द्यायचा असं त्यात लिहायचं. गिऱ्हाईक थोडा भाव कमी मागेल, द्या. साठेखत नोंदवलेलं असेल आणि गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालेलं असेल तर मग ब्रिज लोन घ्यायला माझी हरकत नाही, कारण आता दुसरं टोक दिसतं आहे. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न राहतो. ब्रिज लोनचा खरा उपयोग हाच आहे.

आणि काहीच ठरलेलं नसताना घ्यायचंच असेल, तर जुन्या घराचा भाव पंधरा टक्के कमी धरा, लागणारे महिने एजंट सांगेल त्याच्या दुप्पट धरा, आणि तरीही घर चालतं का ते बघा. मी समोरच्या अर्जदाराला नेहमी दोन प्रश्न विचारायचो. पैसे कुठून येणार? आणि तिथून नाही आले तर कुठून? दुसऱ्या प्रश्नाला लोक चिडायचे. मुदत संपली की सगळं मुद्दल देय होतं. व्याज तुम्ही वेळेवर भरलं होतं याचा त्या दिवशी उपयोग नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. आणि तारण दोन्ही घरं असू शकतात, हे करारात नीट वाचा.

आता आपल्या सोसायटीबद्दल, आणि यावर काही जण रागावतील. घर विकायला वेळ लागतो तो नेहमी गिऱ्हाइकामुळे नाही, कागदांमुळेही लागतो. बिल्डरशी झालेला पहिला करार, त्याची मुद्रांक शुल्काची पावती, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र. गिऱ्हाइकाची बँक हे मागणारच. परवा खजिनदारांबरोबर रजिस्टर बघत बसलो होतो. सहा फ्लॅटची शेअर सर्टिफिकेट्स अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर आहेत. नॉमिनी आहे ना, मग काय घाई, असं घरचे समजतात. नॉमिनीच्या नावावर सोसायटीत हस्तांतर होतं, पण त्याने बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही, आणि गिऱ्हाइकाची बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागते. एक भाऊ कॅनडात, एक बहीण नागपूरला. तीन महिने तिथेच जातात. मुदत मात्र चालू असते.

अजून एक. ब्रिज लोन घेतलं की मूळ कागद बँकेत जातात. मग गिऱ्हाइकाच्या बँकेने आधी तुमच्या बँकेला पैसे द्यायचे, मग कागद सुटायचे. त्यासाठी शिल्लक रकमेचं पत्र, कागदांची यादी, सोसायटीचं ना हरकत पत्र. यात महिनाभर सहज जातो. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून आहे. तो नियम दाखवला की काउंटरवरची चाल थोडी वाढते, हा माझा अनुभव. आपल्या कार्यालयानेही ना हरकत पत्र पुढच्या मासिक सभेपर्यंत अडवू नये, ही माझी अध्यक्षांना सर्वांसमोर विनंती.

प्रश्नोत्तरांत सी विंगच्या एका वहिनींनी विचारलं की आपली बिल्डिंग पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाईल, तेव्हा मोठं घर मिळेलच, मग आत्ता बदलावं कशाला? मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर इथे बोललो तर जेवण थंड होईल. मात्र पुनर्विकास असो की विक्री, तुमच्या सर्टिफिकेटवर नाव कोणाचं आहे ते आज घरी जाऊन पाहा. त्या म्हणाल्या, “सासऱ्यांचं.” सभागृहात हशा झाला, पण मी बघितलं, तीन-चार जण हसले नाहीत.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. पहिल्या कराराची आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन या. ब्रिज लोनचं मंजुरीपत्र आलं असेल तर सही करण्याआधी आणा, सही केल्यावर आणलं तर मी फक्त चहा पाजू शकेन.